खाजणापलीकडे भाताची गिरण

आमच्या अंगणात ट्रक नाही, हे पेणमधल्या लोकांना अजून चमत्कारिक वाटतं. येणारा-जाणारा फाटकातून डोकावतो, चिंचेखालची रिकामी जागा बघतो आणि विचारतो, विकलात की काय? विकला नाही. तो म्हसळ्याच्या पलीकडे, आंबेखोल नावाच्या गावात, माझ्या नणंदेच्या गोठ्याला लागून झावळ्यांच्या मांडवाखाली उभा आहे आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहील. पाऊस लागून ट्रकची वाट बंद झाली, म्हणून आम्ही तिघं बैलगाडीने आणि पुढे एसटीने घरी आलो. ट्रक तिकडे कसा गेला हे इतक्यांदा सांगून झालं आहे, की आता एकदा लिहून काढावं म्हणते. आंबेखोल पाहिलेलं माणूस मला पेणमध्ये अजून भेटलेलं नाही, तेव्हा ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठीच हे आहे.

पेण : तयारी

लढाई संपल्यावर लष्कराने ज्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतला हा ट्रक. आमच्याकडे येण्याआधी त्याने दोन मालक पाहिले होते. माझे यजमान, म्हणजे रिवाजाप्रमाणे 'हे', त्यावर मीठ आणि भाताची पोती वाहतात. ट्रकचा स्वभाव यांना ठाऊक असला तरी त्याच्या मनात केव्हा काय येईल ते यांनाही सांगता येत नाही.

यांची धाकटी बहीण वत्सला, म्हणजे माझ्या वन्सं, आंबेखोलला दिलेल्या. त्यांचे यजमान यशवंतराव यांनी गावात भाताची गिरण घालायची म्हणून मुंबईहून ऑइल इंजिन आणि भात सडायचं यंत्र मागवलं होतं. धरमतरपर्यंत माल आला. पुढे गलबताने न्यायचा, तर वैशाख सरत आला होता, वारा फिरला होता आणि तांडेल मंडळी गलबतं किनाऱ्यावर ओढून घ्यायला लागली होती. माल आमच्या पडवीत येऊन पडला. आता पाऊस लागायच्या आत गेला तर गेला, नाहीतर दिवाळीनंतर.

यांनी ट्रकने न्यायचं ठरवलं. आंबेखोलला तोवर कोणतीच मोटार गेलेली नव्हती. गावाच्या अलीकडे खाजण आहे. भरतीला तिथे कमरेहून जास्त पाणी असतं, आणि ओहोटीला चिखलातून बैलगाड्यांची वाट उघडी पडते. यशवंतरावांचा निरोप आला, की अमावास्येला ओहोटी खोल जाते, त्या संध्याकाळी या, गाव मदतीला उभं करतो.

मग तयारी सुरू झाली. जाड फळ्या, गोणपाटं, काथ्याचे दोर, चाकाखाली लावायचे ठोकळे, पाण्याचे डबे, जॅक, ट्यूबला लावायचे तुकडे. पेट्रोलची टाकी पाझरते, तिथे लावायला कपडे धुण्याचा साबण. तो ओला करून दाबला की गळती थांबते. यांनी स्प्रिंगांच्या पाट्यांना सुंभ गुंडाळला आणि इंजिन हौद्याच्या मधोमध ठेवून चारी बाजूंनी आवळलं.

तयारीचा आणखी एक भाग म्हणजे मी, इंदू. ट्रकला पुढून हॅण्डल मारावं लागतं आणि त्याच वेळी आत बसून कोणीतरी पायाखालचं पेट्रोल सांभाळावं लागतं. प्रवासात बरोबर क्लीनर नाही, म्हणून यांनी मला ते शिकवायचं ठरवलं. भात कापून मोकळ्या झालेल्या खारजमिनीवर आम्ही संध्याकाळी जायचो. नुसतं पेट्रोल सांभाळण्यावरून गोष्ट क्लचवर गेली, क्लचवरून पहिल्या गिअरवर, आणि आठवड्याभरात मी त्या मोकळ्या जागेत गोल गोल ट्रक फिरवायला लागले. मला ते फार आवडलं. सासूबाईंना अजिबात आवडलं नाही. खारीवर गवत कापणाऱ्या बायका हसतात, एवढंच त्या म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण यायचं म्हणून त्यांचाच हट्ट जास्त. वन्संना चैत्रात मुलगी झाली होती. बाळंतपणाला त्यांना माहेरी आणता आलं नव्हतं आणि सासूबाईंनी नात पाहिलेली नव्हती. डिंकाचे लाडू, आळीव, दुपटी, कुंच्या, लोणच्याची बरणी आणि बाळंतिणीसाठी घरी दळलेली हळद, एवढं बोचकं मांडीवर घेऊन त्या मधल्या जागेवर बसल्या. अमावास्या त्यांना मुळीच पसंत नव्हती. घरून आदल्या दिवशी निघतोय, म्हणजे प्रस्थान अमावास्येचं नव्हे, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली.

कोलाड ते म्हसळा

कोलाडवरून माणगावपर्यंतचा रस्ता गोव्याकडे जाणारा, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक चाक बसलं, आम्ही ते वडाखाली बसून दुरुस्त केलं आणि भाकरी खाल्ली. माणगाव सोडून म्हसळ्याच्या वाटेला लागल्यावर खरा प्रवास सुरू झाला. दोन्ही बाजूंना साग, ऐन आणि करवंदीच्या जाळ्या. करवंदं पिकून काळी झालेली. चढ आला की ट्रक इतका हळू चालायचा, की मी खाली उतरून ओंजळभर करवंदं तोडून पुन्हा चढत असे.

त्या चढावरच रेडिएटरमधून वाफ यायला लागली. यांनी झाकण काढलं, गाडी निवू दिली, आणि पाहिलं तर खालून बारीक धार लागलेली. डब्यांतलं पाणी ओतावं तसं गळत होतं. जवळ गाव नव्हतं. हे गाडीखाली जाऊन आले, हात पुसले आणि जरा अवघडून म्हणाले, की रेडिएटरात हळद घातली तर बारीक भेगा बुजतात, असं एका ड्रायव्हरने सांगितलं होतं.

हळद कोणाकडे आहे ते तिघांनाही माहीत होतं. सासूबाई बोचकं धरून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी गाठ सोडली.

"आपण इथेच बसून राहिलो, तर ही हळद तिच्यापर्यंत जाणार कशी?" असं म्हणून त्या स्वतः खाली उतरल्या आणि रेडिएटरात आपल्याच मुठीने हळद घातली. निम्मी घातली आणि उरलेली पुन्हा बांधून ठेवली.

धार पातळ झाली, मग थेंब झाली, मग थांबली. पुढचा सगळा चढ ट्रकला हळदीचा वास येत होता. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीच्या खोलीत बसल्यासारखं वाटतंय. त्या प्रवासात पहिल्यांदा त्या माझ्याकडे बघून हसल्या.

म्हसळा

म्हसळ्याला यांचे स्नेही हसनमियाँ यांच्याकडे मुक्काम होता. ते लाकडाचे व्यापारी. घर रस्त्यालगत, पुढे पडवी, मागे केळी. त्यांच्या पत्नी खैरूनबी यांनी तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या रसातली कोलंबी आणि वाफवलेली सांदणं केली होती. आमच्याकडे सांदण फणसाचं, पिवळं. इथलं पांढरं शुभ्र, हाताला लागताच दबणारं. मी भरपूर जेवले. मुसलमान घरी जेवायची माझी ती पहिलीच वेळ होती.

सासूबाईंनी आज उपास आहे म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने खैरूनबी दोन शहाळी, केळ्यांची फणी आणि एक कोरा कोयता घेऊन आल्या, ते सगळं सासूबाईंपुढे ठेवलं आणि तुमच्या हातानं फोडा म्हणून सांगून आत गेल्या. सासूबाईंनी शहाळं फोडलं, पण प्यायच्या आधी बराच वेळ नुसत्या हातात धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमावास्येला, सकाळी निघायची तयारी झाली. मी आत बसले, हे पुढे हॅण्डल मारायला गेले. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, भोवती आवळायचा नाही, हे मला यांनी कितीदा तरी बजावलेलं. त्या दिवशी इंजिन गार होतं, घाई होती, आणि यांनी मूठ आवळली. इंजिनाने उलटा फटका दिला. मला फक्त 'खट्' असा आवाज आला आणि हे दिसेनासे झाले. उतरून पाहिलं तर मडगार्डला टेकून मनगट धरून बसले होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

हसनमियाँनी हाडं बसवणाऱ्या वैदूला आणलं. त्याने मनगट चाचपलं, हाड सरकलंय म्हणाला आणि ओढून बसवायला लागला. मी यांचे खांदे धरले होते. सासूबाईंना ते बघवेना, त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खैरूनबींनी यांचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, जसं आपल्या मुलाचं धरावं, आणि हाड बसेपर्यंत सोडलं नाही. मग बांबूच्या कामट्या लावून हात बांधला गेला. खैरूनबींनी सगळ्यांसाठी चहा आणला. सासूबाईंनी कप घेतला, संपवला आणि आणखी मागून घेतला.

आता प्रश्न ट्रकचा. म्हसळ्यात तो चालवील असं कोणी मिळेना. माणगावहून माणूस आणायचा तर संध्याकाळची ओहोटी हुकणार. पुढची चांगली ओहोटी पौर्णिमेला, आणि तोवर पाऊस. दक्षिणेकडे ढग दिसायला लागलेच होते. हे म्हणाले, माल इथेच उतरवू, दिवाळीला बघू. हसनमियाँ गोदाम द्यायला तयार होते. मनात जे आलं होतं ते मला बोलवत नव्हतं. खारीवर गोल फिरवणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं मला कळत होतं.

सासूबाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. तिथूनच यांना म्हणाल्या, "हात तुझा मोडलाय. इंदूचे शाबूत आहेत."

हे माझ्याकडे वळले. मग विचारलं, "नेशील?"

"हळू नेईन," मी म्हटलं.

गाडीवाट

हॅण्डल हसनमियाँच्या वखारीतल्या एका गड्याने मारलं, अंगठा नीट ठेवून. म्हसळ्याच्या वेशीपर्यंत अर्धा बाजार आमच्यामागे आला होता. हे डाव्या बाजूला बसले, हात गळ्यात बांधलेला. सासूबाईंनी मधली जागा सोडली नाही. गिअरचा दांडा नेमका त्यांच्या गुडघ्याशी. गिअर बदलायचा झाला की मला "सासूबाई, गुडघा" म्हणावं लागे, मग त्या लुगडं सावरून बाजूला सरत. तासाभरात त्या इंजिनाच्या आवाजावरून आपणहून सरायला लागल्या.

यांना स्वस्थ बसणं जमत नव्हतं. उतार आला की यांचा उजवा पाय फळीवर दाबला जायचा, जणू ब्रेक तिथेच आहे. पहिला तासभर हे सतत सांगत होते, डावीकडे घे, दगड आहे, आता सोड. मग मी म्हटलं, की मला एका वेळी एकच ऐकू येतं, एकतर तुम्ही नाहीतर इंजिन. त्यावर ते हसले आणि बाहेर बघायला लागले.

वाट म्हणजे बैलगाड्यांच्या दोन चाकोऱ्या. आमची चाकं त्यांहून रुंद, त्यामुळे एक चाक नेहमी उंचावर. एका खिंडीत समोरून लाकडं भरलेली बैलगाडी आली. बैल बुजले. मागे घ्यायचं तर मला रिव्हर्स गिअर नुसता माहीत होता, कधी टाकलेला नव्हता. मी घामाघूम होऊन तो शोधत असताना गाडीवानाने बैल सोडले, आम्ही मिळून गाडी कडेला ढकलली आणि वाट मोकळी झाली. जाताना त्याने यांना विचारलं, की बाई कुठल्या खात्यातल्या? हे म्हणाले, घरच्याच.

त्यापुढे एका मोकळ्या माळावर मी थांबले आणि रिव्हर्स घ्यायला शिकले. हे शिकवत होते, सासूबाई मागे बघून 'ये, ये' म्हणत होत्या. ते तिथे शिकले म्हणून बरं झालं.

खाजण

ऊन उतरताना आम्ही खाजणाच्या काठाशी आलो. समोर काळा चिखल, त्यात मधूनमधून पाण्याची डबकी, कडेला तिवरांची झुडपं, आणि पलीकडे नारळी-पोफळीत बुडालेलं आंबेखोल. पाणी पार दूर गेलेलं. यशवंतराव गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून अलीकडच्या काठावर उभे होते आणि त्यांच्यामागे सगळं गाव. कोळी, आगरी, मुसलमान, पुरुष-बायका सगळे. त्यांनी दिवसभर राबून चिखलावर झावळ्या आणि पेंढा अंथरून वाट केली होती. ती हिरवी वाट पार पलीकडच्या काठापर्यंत गेलेली होती.

यशवंतराव डाव्या दाराशी आले, यांचा हात पाहिला आणि मग मला स्टिअरिंगपाशी पाहिलं. यांनीच सांगितलं, "हीच आणतेय."

चाकांतली निम्मी हवा सोडली, म्हणजे ती पसरून चिखलावर तरतील. मी पहिला गिअर टाकला आणि ट्रक चिखलात उतरवला. झावळ्या कडकड मोडत होत्या, ट्रक बोटीसारखा हलत होता, पण जात होता. अर्ध्याहून पुढे गेलो आणि मागचं डावं चाक झावळ्यांवरून घसरलं. ट्रक कलंडून थांबला. पेट्रोल दिलं तर चाक जागच्या जागी फिरून आणखी खोल गेलं. मी थांबवलं.

वजन कमी करायला आम्ही खाली उतरलो. यशवंतराव म्हणाले, इंजिन इथेच उतरवू, ट्रक तरी वाचेल. पण चिखलात उतरवलेलं इंजिन भरतीच्या पाण्यात जाणार हे त्यांनाही दिसत होतं. चांगुणा नावाची एक कोळीण पुढे पाण्याच्या रेषेपाशी उभी होती. तिने हाक दिली, "भरती लागली हाय, बाय. आता थांबू नको."

सगळे यांच्याकडे बघत होते. हे चाकाभोवती एकदा फिरले आणि मला म्हणाले, "तू आत होतीस. तुला काय लागलं, चाक कुठे धरत होतं?"

मी आठवून पाहिलं. घसरायच्या आधी, किंचित मागे, चाकाखाली टणक लागलं होतं. "मागे घेते आधी," मी म्हटलं. "मागे फळ्या घाला, मग पुढे."

फळ्या आल्या, गोणपाटं आली, दोर पुढे बांधले गेले. मी आत चढले. हे फूटबोर्डावर उभे राहिले, चांगल्या हाताने दार धरून, आणि एक अक्षर बोलले नाहीत. रिव्हर्स टाकून क्लच अगदी हळू सोडला. ट्रक कण्हला, हातभर मागे आला आणि फळीवर बसला. मग पहिला गिअर. पुढून दोरांना गाव लागलं, मागून बायकांनी हौद्याला खांदे लावले. चाकांभोवती पाण्याची बारीक वळणं दिसायला लागली होती. मी खाली बघणं सोडलं आणि समोरच्या एका वाकड्या माडावर नजर ठेवली. तो माड हलला. म्हणजे आम्ही हललो. मग काही ऐकू आलं नाही, एवढंच कळलं, की झावळ्या मोडण्याचा आवाज थांबला आहे आणि चाकांखाली कोरडी वाळू आहे.

इंजिन बंद केलं तेव्हा हात चाकावरून निघेनात. यांनी एकेक बोट सोडवलं.

मागे ढकलणाऱ्या बायकांत नखशिखान्त काळी झालेली एक बाई लुगडं खोचून चालत येत होती. त्या सासूबाई होत्या. मी त्यांना काठावर उभ्या समजत होते. वन्सं बाळाला घेऊन माडाखाली उभ्या होत्या. त्या आईला शोधत इकडेतिकडे बघत राहिल्या आणि ती समोर येऊन उभी राहिली तरी त्यांनी ओळखलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी." मग दोघी एकदम रडायला आणि हसायला लागल्या आणि बाळाने घाबरून भोकाड पसरलं. नातीला घ्यायला सासूबाईंना हात धुऊन येईपर्यंत थांबावं लागलं.

आंबेखोल

आंबेखोलला नाचणीची भाकरी, जवळ्याची चटणी आणि कैरी हे रोजचं जेवण. पेज सकाळची. आमच्याकडे पेणला भात गिरणीतून सडून येतं, इथे प्रत्येक घरी व्हाइनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, मुसळाने कांडतात. पहाटे अंधारातच घराघरांतून तो आवाज सुरू होतो. येणाऱ्याला तो गोड वाटतो. मलाही पहिल्या दिवशी वाटला. मग वन्संचे तळहात पाहिले. लग्नात मेंदी लावताना मी हातात घेतले होते ते हे हात नव्हेत. बाळंतपणानंतर सव्वा महिना होताच त्यांनी पुन्हा मुसळ धरलं होतं. त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती, तांदूळच नसता तर शिजवायचं काय?

दगडी चौथऱ्यावर इंजिन बसवायला दोन दिवस लागले. हे एका हाताने आणि पुष्कळशा बोलण्याने काम करत होते. इंजिन सुरू झालं तेव्हा कोंबड्या कौलांवर उडाल्या आणि मुलं ओरडत पळाली. पहिलं भात वन्संच्याच घरचं घातलं. तांदूळ खाली पडायला लागला, तसे बायकांनी त्यात हात घातले. गिरणीतून पडलेला तांदूळ कोमट असतो हे त्यांना माहीत नव्हतं. चांगुणेने मूठभर घेऊन गालाला लावला आणि तशीच उभी राहिली. आपापल्या घरून भात घेऊन आलेल्या बायकांची संध्याकाळपर्यंत रांग होती.

दुसऱ्या दिवशी मी जागी झाले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. मुसळाचा आवाज नव्हता. नुसती समुद्राची गाज आणि कुठेतरी कावळा. मी माजघरात आले तर वन्संच्या खोलीच्या दाराशी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर नात. दारात यशवंतराव दाढीचं पाणी मागायला उभे होते, आणि मागे शेजारची एक बाई. सासूबाईंनी दोघांनाही हाताने थांबवलं.

मी जवळ गेले. आत वन्सं कुशीवर झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं, एक हात चटईबाहेर. कौलांमधून आलेलं ऊन त्यांच्या पायांपर्यंत चढलं होतं.

"आवाज करू नकोस," सासूबाई मला हळूच म्हणाल्या. "झोपू दे तिला."

मग त्यांनी थोडं सरकून उंबऱ्याशी मला जागा करून दिली आणि आम्ही दोघी तिथे बसून राहिलो.